सड्यावरचं टॅटूइन

टॅटूइन हा ग्रह पडद्यावर आला 1977 साली, ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटात. डोक्यावर दोन सूर्य, पायाखाली वाळू आणि खडक, आणि त्यात राहणारे शेतकरी. हे शेतकरी धान्य पिकवत नाहीत, पाणी पिकवतात. उंच खांबांसारखी यंत्रं माळावर उभी करायची, हवेतला ओलावा ओढून घ्यायचा आणि थेंब थेंब साठवायचा, हा त्यांचा धंदा. तलवारी, यानं, लढाया सगळं नंतर येतं. मला तो ग्रह पटतो तो या पाण्याच्या खटपटीमुळे. ज्याने ही कल्पना केली, त्याला ओसाड जागेत माणसाचा दिवस कशात जातो ते नेमकं कळलं होतं.

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, पुण्यात असतो आणि त्याला या ग्रहाचं वेड आहे. टॅटूइनवर घडणारी स्वतःची छोटी फिल्म मोबाइलवर करायची, हे त्याने वर्षभर डोक्यात धरलं होतं. त्याला वाळू हवी होती, म्हणून तो किनाऱ्याच्या गोष्टी करत होता. मी रत्नागिरीत राहते. त्याला म्हटलं, किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, माड आहेत, सुट्टीला आलेली माणसं आहेत. तुला ग्रह हवा असेल तर सड्यावर चल. आणि मे संपायच्या आत ये, जूनमध्ये हा ग्रह राहत नाही.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं पठार. रत्नागिरी, लांजा, राजापूर, खाली देवगड-मालवणपर्यंत असे सडे पसरलेले आहेत. काळपट तांबडा, भोकाभोकांचा कातळ. माती असली तर खळग्यांत मूठभर. पावसात उगवलेलं गवत दिवाळीनंतर वाळतं, मग त्याला वणवा लागतो किंवा लावला जातो, आणि मेपर्यंत नुसता कातळ उरतो. जांभ्याला तांबडा रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि मंगळाचा रंगही त्याचाच. सातबाऱ्यावर अशा बऱ्याच जमिनीपुढे ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असं लिहिलेलं असतं.

गुरुवार : उक्षी

सुरुवात उक्षीपासून केली ती मुद्दाम. इथे पाहायचं ते कातळात कोरलेलं एकच चित्र आहे, त्यामुळे डोळा बसायला बरं. कोकण रेल्वेचं लहानसं स्टेशन, तिथून रिक्षाने वर सड्यावर. गावाने पुढाकार घेऊन चित्राभोवती जांभ्याचा गोल कठडा बांधलाय, त्यावर उभं राहून खाली बघायचं.

भाचा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आत्या, कुठाय?” पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाचं असंच होतं. आधी नुसती खरबरीत जमीन दिसते. मग एक रेघ हाती लागते, ती पाठीची निघते, तिथून सोंड, पाय, आणि एकदम अख्खा हत्ती समोर येतो. तो आला की पुन्हा नाहीसा होत नाही.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालून ही कातळशिल्पं शोधली, नोंदवली, लोकांना दाखवली. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत या शिल्पांचा समावेश झाला. रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं त्यात आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. सोबत सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ. या माणसांबद्दल मला फार आदर आहे. पोटखराबा म्हणून नोंदलेल्या जमिनीवर खाली मान घालून मैलोन् मैल चालायला वेगळीच चिकाटी लागते.

शुक्रवार : कशेळी

पहाटे अंधारातच निघालो. पावस, पूर्णगडाशी मुचकुंदीवरचा पूल, गावखडी, मग कशेळी. ऊन चढायच्या आत सड्यावर पोचायचं होतं, आणि त्याला कारण नुसता उन्हाचा त्रास नव्हे. कातळशिल्पाच्या खोबणी फार खोल नसतात. सूर्य तिरपा असला की खोबणीची एक कड सावलीत जाते आणि चित्र उठून दिसतं. दुपारी बारा वाजता त्याच जागी उभं राहिलात तर सगळं सपाट.

कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. अशा चित्राभोवती फिरावं लागतं. एका जागेवरून ते नजरेत मावतच नाही. त्याच्या अंगात पुन्हा सत्तरच्या आसपास लहान आकृत्या कोरल्यात, प्राणी, पक्षी, जलचर. भाचा हत्तीच्या बाहेरच्या रेघेने कडेकडेने चालत गेला, चित्रावर पाय पडू नये म्हणून चपला हातात घेऊन. कातळ अजून गार होता म्हणून ते जमलं. नऊनंतर अनवाणी पाय ठेवून दाखवावा कुणी!

मग त्याने विचारलं, “दोन सूर्य असते तर हा हत्ती दिसला असता का?” मला हा प्रश्न फार आवडला. आम्ही तिथेच बसून त्याचा विचार केला. दोन्ही सूर्य आकाशात जवळजवळ असतील तर खोबणीत दोन सावल्या पडतील, एकीवर दुसरी थोडी सरकलेली, आणि कड अस्पष्ट होईल. एक सूर्य मावळून दुसरा क्षितिजाला टेकलेला असेल तेव्हा चित्र सगळ्यात चांगलं दिसेल. म्हणजे टॅटूइनवरच्या कोरक्यालाही आपलं काम बघायला संध्याकाळचीच वाट पाहावी लागली असती. भाच्याने ते वहीत लिहून घेतलं.

दोन सूर्यांचा ग्रह ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही. 2011 मध्ये केपलर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून केपलर-16बी सापडला. त्याचे दोन तारे 41 दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि ग्रह त्या दोघांना मिळून सुमारे 229 दिवसांत एक फेरी घालतो. पण तो शनीसारखा वायूचा थंड गोळा आहे. पाय ठेवायला कातळ नाही, त्यामुळे शेतकरीही नाही.

परत फिरताना टिटवीने गदारोळ केला. कातळाच्या एका उथळ खळग्यात बारीक खडे जमवून तिने चार अंडी घातली होती, खड्यांच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची. आम्ही लांब सरकून गडग्याआड, म्हणजे दगडी कुंपणाआड, बसलो. थोड्या वेळाने ती आली ती पोटाची पिसं भिजवून. पाणी ठिबकत होतं. अंड्यांवर बसली, ओलं पोट नीट टेकवलं, पिसं फुलवून सावली धरली. टिटव्या भर उन्हाळ्यात असं करतात, हे वाचून ठाऊक होतं. हाकेच्या अंतरावरून मी पहिल्यांदा पाहिलं. पाणी तिने कुठून आणलं ते नंतर कळलं: सड्याच्या कडेला कुणीतरी गुरांसाठी सिमेंटची डोणी भरून ठेवली होती. भाच्याने शूटिंगसाठी मोबाइल काढला होता, पण झूम करूनही पक्षी ठिपक्याएवढा येत होता आणि जवळ जायला तो तयार होईना. फिल्ममध्ये टिटवी नसेल, पण पोटाने पाणी वाहणारा एक प्राणी त्याच्या ग्रहावर आता आहे.

गडग्याच्या दगडांत हात घालायचा नाही, हे त्याला आधीच बजावलं होतं. फुरसं, म्हणजे एक विषारी साप, जांभ्याच्या सुट्या दगडाखाली असतं, रंगाने अगदी दगडासारखं, आणि रत्नागिरीचा सडा हे त्याचं माहेरघर.

दुपार घरगुती मुक्कामाच्या पडवीत गेली. वहिनींनी कुळथाचं पिठलं, भात आणि फणसाची भाजी वाढली. हंड्यातलं पाणी मोजूनमापून वापरत होत्या, पण आम्हाला न मागता तांब्या भरून मिळत होता.

संध्याकाळी कनकादित्याच्या देवळात गेलो. कोकणात सूर्याची देवळं मोजकीच, त्यांतलं हे एक. सौराष्ट्रातून निघालेल्या गलबतावरची ही मूर्ती इथल्या किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली गेली आणि कनका नावाच्या भाविक बाईला स्वप्नात दृष्टान्त झाला, अशी कथा सांगतात. ती गुहा देवघळीत आहे. देवघळीच्या कड्यावरून सूर्यास्त पाहायला बरीच मंडळी जमली होती. भाच्याने तेवढ्या गर्दीतून एक स्वच्छ चौकट शोधली आणि सूर्यास्त सलग टिपला. तोच शॉट थोडा बाजूला सरकवून पुन्हा वर चढवायचा, म्हणजे दोन सूर्य होतात, असं त्याचं तंत्र आहे. त्याच्या मोबाइलवर करून दाखवलं तेव्हा आजूबाजूची पोरं गोळा झाली.

शनिवार : चिरेखाण

हा दिवस शूटिंगचा. टॅटूइनवर ‘स्टार वॉर्स’च्या नायकाचं घर जमिनीच्या पोटात असतं. एक मोठा खोल खड्डा, आणि खड्ड्याच्या भिंतींत कोरलेल्या खोल्या. हे घर कुणी स्टुडिओत बसून कल्पनेने काढलेलं नाही. ट्युनिशियात मातमाता गावी लोक खरोखर अशा घरांत राहत आले आहेत, कारण वर भाजणारं ऊन असलं तरी जमिनीखाली गारवा असतो. 1976 साली चित्रीकरण झालं तेव्हा तिथलीच अशी जागा वापरली. ग्रहाचं नावही त्याच देशातल्या तातावीन या गावावरून आलं. म्हणजे त्या काल्पनिक ग्रहाखाली एक खरा मुलूख आहे, आणि त्या मुलखातल्या माणसांचं उन्हाबद्दलचं शहाणपण आहे. चित्रपटाच्या कौतुकात ही गोष्ट मागे पडते याचं मला वाईट वाटतं.

तसा खड्डा आमच्याकडे कुठे मिळणार? चिरेखाणीत. जांभा खोदून चिरे काढले की मागे चौकोनी, उभ्या भिंतींचा खड्डा राहतो. आडिवऱ्याच्या बाजूला एका बागायतदार काकांची बंद पडलेली खाण आहे, ओळखीतून त्यांची परवानगी मिळाली. उतरायला रॅम्प होता. आत गेल्यावर भाचा गप्पच झाला. भिंतींवर करवतीच्या गोल पात्याचे कमानदार ओरखडे, एकाखाली एक, थरावर थर. वरचा भाग काळपट आणि टणक, खाली पिवळे-गुलाबी पट्टे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की हळूहळू कठीण होतो, आणि म्हणून त्याचे चिरे कापता येतात आणि घरंही टिकतात. एका कोपऱ्यात अर्धवट कापलेला चिरा भिंतीलाच चिकटून राहिला होता. भाच्याने तिथे बोट ठेवलं आणि म्हणाला, “हे दार.”

पाणी ओढणारं यंत्र तो पुण्याहून घेऊन आला होता: पीव्हीसीचा पाइप, जुन्या डिश अँटेनाची थाळी, चंदेरी रंग आणि वायरींचे तुकडे. ते खाणीच्या काठावर रोवताना काका आले. उघडे, खांद्यावर पंचा, हातात कोयती.

“शूटिंग कसलं रे बाबू?”

“काका, दुसऱ्या ग्रहावरचं आहे. तिथं सगळं वाळवंट असतं.”

काकांनी इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, “मग तिथली माणसं पाणी कुठनं आणतात?”

भाचा खूष झाला. आजवर त्याच्या मित्रांनी त्याला तलवारींविषयी विचारलं होतं, यानांविषयी विचारलं होतं. पाण्याचं कुणी विचारलं नव्हतं. त्याने पाइपावर हात ठेवून सगळी रचना समजावून सांगितली. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग पुढचे प्रश्न आले: एका खांबाला दिवसाला पाणी किती मिळतं, त्याला वीज किती लागते, आणि खांब बिघडला तर दुरुस्तीला माणूस कुठून येतो. भाच्याने यंत्रमानव दुरुस्त करतात असं सांगितलं, ते काकांना मान्य झालं.

“आमच्याकडं हवेत पाणी, आभाळात पाणी,” ते म्हणाले. “मे महिन्यात हंड्यात तेवढं नाय.”

हे अक्षरशः खरं आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मेमध्ये वाड्यांना टँकर लागतो. जांभा सच्छिद्र. पडलेलं पाणी भोकाभोकांतून खाली उतरतं, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरे होऊन बाहेर पडतं. म्हणून वाड्या, विहिरी, देवळं, पोफळीच्या बागा सगळं खाली, आणि वरती कातळ कोरडा. पावसाळा संपून महिने गेले की झरेही आटत जातात. हवेत आर्द्रता भरपूर, अंगाला घामाच्या धारा, पण ती गोळा करायची तर यंत्र आणि वीज लागणार. टॅटूइनच्या शेतकऱ्याचं यंत्र इथे आणून लावलं तर चांगलं चालेल, असा आमच्या दोघांचाही ठाम निष्कर्ष आहे.

काकांची हापूसची कलमं सड्यावरच आहेत. कातळात सुरुंग लावून खड्डे घेतले, पायथ्यावरून माती आणून भरली, कलमं लावली. 1990 नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात अशा लागवडीला मोठा हात दिला. पण योजनेत पाण्याचे हंडे चढवून देणारं कुणी नसतं. काकांच्या आईने आणि बायकोने पहिले उन्हाळे पाणी पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, डोक्यावरून वर नेलं. “झाडं त्यांची,” काका म्हणाले, “मी नुसता आंबे काढतो.” आता खाणीत साठलेलं पावसाचं पाणी ते पंपाने कलमांना देतात, ते फेब्रुवारीपर्यंत पुरतं.

भाच्याने त्या दिवशी संध्याकाळी गोष्टीत बदल केला. आधी नायक एकटा होता. आता त्याची आजी आहे, आणि खांब तिने उभे केलेत.

रविवार : देवाचे गोठणे, बारसू

देवाचे गोठणे गावात भार्गवरामाचं देऊळ आहे, गार, झाडीतलं. देवळामागून चढून सड्यावर गेलं की कातळात कोरलेली माणसाची आकृती लागते. या जागेची खासियत अशी की चित्रापाशी होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीच दिशा दाखवते, आणि थोडं लांब नेलं की ताळ्यावर येते. कातळातल्या लोहाचं चुंबकत्व इथे जोरदार आहे. भाच्याने साधं होकायंत्र आणलं होतं. तो चित्राभोवती इंचाइंचाने सरकवत प्रत्येक ठिकाणची सुई वहीत बाणाने काढत गेला. मी छत्री धरून त्याच्यावर सावली करत होते. ज्यांनी हे कोरलं त्यांना ही गोष्ट ठाऊक असेल का, यावर तो घरी पोचेपर्यंत बोलत होता.

बारसूच्या सड्यावर मधोमध माणूस आणि दोन्ही बाजूंना दोन वाघ असं प्रचंड मोठं चित्र आहे. असा माणूस आणि दोन जनावरं ही मांडणी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही सापडते. याच सड्यावर 2023 मध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावकऱ्यांनी कातळावर ठिय्या दिला. रोजगार हवा की नको यावर इथे घराघरात दोन मतं आहेत आणि दोन्ही मनापासूनची आहेत. माझं म्हणणं एवढंच, की निर्णय घेताना ‘इथे काहीच नाही’ हे वाक्य कुणी वापरू नये. जुलैत या कातळावर दिपकाडीची पांढरी फुलं येतात, श्रावण-भाद्रपदात ‘सीतेची आसवं’ या फुलांनी निळा-जांभळा पट्टा पडतो, ‘दवबिंदू’ या वनस्पतीसारखी कीटक खाणारी रोपं उगवतात. टॅटूइनवर उतरणारे परके त्या ग्रहाला टाकाऊ म्हणतात. तिथे राहणारे सगळेच त्याला तसं म्हणत असतील असं मला वाटत नाही.

सोमवार : राजापूर

परतीच्या वाटेवर राजापूरची गंगा. उन्हाळे गावच्या सड्यावर चौदा कुंडं आहेत. साधारण तीन वर्षांनी कधीतरी अचानक त्यांत पाणी येतं, दोन-तीन महिने राहतं आणि तसंच निघून जातं. भूगर्भातल्या पोकळ्यांत पाणी साठत जाऊन सायफनसारखं एकदम बाहेर पडतं, असं त्याचं कारण सांगितलं जातं. आम्ही गेलो तेव्हा कुंडं कोरडी होती. भाचा प्रत्येक कुंडात वाकून बघून आला. जवळच गरम पाण्याचं कुंड आहे, तिथे मात्र पाणी होतं, आणि दोन आज्या गुडघे शेकत बसल्या होत्या. त्यांनी त्याला गंगा आली की कसं सगळं गाव धावतं ते सविस्तर सांगितलं. त्याने ते त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करून घेतलं. फिल्मच्या सुरुवातीला पडदा काळा असताना हाच आवाज वाजणार आहे.

एसटी स्टँडवर त्याने राहिलेल्या शॉटची यादी काढली. खाणीतले बरेच राहिलेत: आजी दारातून बाहेर येते तो, रात्रीचा कंदिलाचा, आणि खांब पडतो तो. काकांना फोन केला, ते या म्हणाले, फक्त मृगाच्या आत या. पाऊस एकदा धरला की आठ दिवसांत खाणीत पुरुषभर पाणी होतं.